नवरा फारच देवाचा झालाय (प्रश्न ख्रिस्ती घरातला आहे, पण सगळ्यांनी बोला)

रविवारची गाडी

विषय नाजूक आहे. मंडळीत कुणाजवळ बोलले तर दोन दिवसांत भायखळ्यापासून कल्याणपर्यंत पोचेल, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळ नगर जिल्ह्यातले, मुंबईत तिसरी पिढी. लग्नाला पस्तिसाच्या वर वर्षं झाली. हे माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झाले, मी पालिकेच्या शाळेतून. मुलगी पुण्यात, आम्ही दोघं मुलुंड पूर्वेला. देवाधर्माचं आमच्याकडे कधी कमी नव्हतं. रविवारी भायखळ्याला उपासना, येताना मेगाब्लॉकला शिव्या, नाताळात करंज्या-अनारसे, कॅरोलवाल्या पोरांना रात्री बारा वाजता चहा, जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना. चार मराठी ख्रिस्ती घरांत असतं तेवढं सगळं.

रिटायर झाल्यावर यांना एका मित्राने भांडुपच्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रार्थनामंडळात, नेलं. शाळेच्या हॉलवर भरते. पहिल्या काही महिन्यांतच तंबाखू सुटली. जी माझ्याने, सासूबाईंच्याने, डॉक्टरांच्याने सुटली नाही ती सुटली. मी गुडघे टेकून आभार मानले, खोटं कशाला बोलू.

मग हळूहळू बाकीचंही सुटायला लागलं. शुक्रवारी रात्रभर प्रार्थना. मंगळवारी उपास-प्रार्थना. रविवारी तिकडे तीन तास, म्हणजे भायखळा बंद, मी एकटी जाते. महिन्याला एक तरी नाटक कालिदास नाट्यगृहात बघायचो, ते आता 'जगिक', म्हणजे देवाचं नव्हे, जगाचं. टीव्हीवर फक्त प्रवचनं. मी विचारते भाजी काय करू, उत्तर येतं, प्रभू देईल ते. प्रभू कोबी देतो की फ्लॉवर हे मात्र मलाच बाजारात जाऊन ठरवावं लागतं.

आता ताजी गोष्ट. तिकडे दागिने चालत नाहीत. यांनी लग्नातली अंगठी काढली. साबण लावून, नळाखाली बोट धरून, दहा मिनिटं खटपट करून काढली, कारण ती निघतच नव्हती. रुमालाने पुसून माझ्या डबीत ठेवली आणि म्हणाले, तुझंही मंगळसूत्र बघ, सक्ती नाही. माझं मंगळसूत्र काळ्या मण्यांचं, मधे क्रूस. सासूबाईंनी नगरच्या सोनाराकडून करून घेतलेलं.

भांडण झालं नाही. हेच तर दुखणं आहे, भांडणसुद्धा होत नाही. मी काही म्हटलं की हे डोळे मिटून मनातल्या मनात माझ्यासाठी प्रार्थना करतात. ओठ हलताना दिसतात मला.

नवरा-बायको दोन धर्मांचे असते तर समजू शकले असते. इथे बायबल एक, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक एक, बाप्तिस्मा एकाच पाळकांच्या हातचा. तरी जेवायला बसल्यावर समोरच्या माणसाशी काय बोलायचं सुचत नाही. हे आणखी कुणाच्या घरात झालंय का?

---

नास्तिक नारळ

सरळ आहे. देव काढा, नवरा परत मिळेल.

---

रविवारची गाडी

देव काढला तर तंबाखू परत येईल. विचार करून सांगते.

---

चाफेकळी

ताई, आमच्याकडे वारी. हेही बँकेतून रिटायर झाले आणि माळ घातली. आळंदी ते पंढरपूर पायी, मग महिन्याची एकादशी, मग हरिपाठ, मग घरात कांदा-लसूण बंद. कोल्हापूरच्या मुलीच्या घरात कांदा-लसूण बंद म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक! मी एक केलं, माझ्या मसाल्याचा डबा वेगळा ठेवला आणि सांगितलं की तुमचा विठोबा, माझा रस्सा. वारीला जातात तेव्हा मी मैत्रिणींबरोबर हिंडून घेते. ते पंधरा-वीस दिवस आमच्या संसाराला फार मानवतात.

म्हणजे हे ख्रिस्ती घराचं नाही, रिटायरमेंटचं आहे असं मला वाटतं. पुरुषांना साठीनंतर एकदम देव सापडतो. बायकांना तो आधीपासून देव्हाऱ्यात माहीत असतो, त्यामुळे एवढं नवल वाटत नाही.

---

पाळकाची लेक

नावाप्रमाणे वडील पाळक होते. आम्ही पाच ठिकाणच्या मंडळ्यांच्या पार्सनेजमध्ये, म्हणजे पाळकांच्या घरांत, वाढलो, तेव्हा अशी जोडपी आमच्या ओट्यावर पुष्कळ येऊन बसलेली पाहिली आहेत. सल्ला देत नाही, फक्त बायबल उघडते, कारण तुमचे मिस्टर ऐकतील तर त्याचंच ऐकतील.

दागिन्यांबद्दल तिकडे जे वचन सांगतात ते बहुतेक १ पेत्र, अध्याय ३, वचन ३. केसांची गुंफण, सोन्याचे दागिने, भारी कपडे यांत तुमची शोभा नसावी, अंतःकरणात असावी, असा त्याचा भाव. बरोबर ना? आता त्यांना तोच अध्याय चार वचनं पुढे वाचायला सांगा. सातवं वचन नवऱ्यांना उद्देशून आहे. बायकोबरोबर समजूतदारपणे राहा, जीवनरूपी कृपादानात ती तुमच्या बरोबरीची वारस आहे म्हणून तिला मान द्या, आणि हे कशासाठी? तर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येऊ नये म्हणून.

पुन्हा वाचा. पेत्र असं म्हणत नाही की प्रार्थना नीट केली तर संसार नीट होईल. तो उलटं सांगतो. बायकोला मान दिला नाही तर प्रार्थनाच अडते. शुक्रवारची रात्रभर प्रार्थना भांडुपच्या हॉलमध्ये अडकून बसायची नसेल तर आधी मुलुंडमध्ये बोलणं व्हायला हवं. हे मी नाही, पेत्र म्हणतो.

आणि पेत्राला हे माहीत असणारच, कारण तो संसारी होता. मार्कच्या पहिल्या अध्यायात त्याची सासू तापाने पडलेली आहे आणि येशू तिला बरं करतो. सासू आहे म्हणजे बायको आहे. पुढे पौल करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ ९:५) सहज सांगून जातो की केफा, म्हणजे पेत्रच, सेवेच्या प्रवासात बायकोला बरोबर घेऊन फिरतो. भांडुपला एकटा जात नव्हता.

तिसरं. पौल स्वतः अविवाहित, लग्नाबद्दल फारसा उत्साही नाही, तरी १ करिंथ ७:५ मध्ये म्हणतो की नवरा-बायकोने एकमेकांना वंचित ठेवू नये. प्रार्थनेसाठी दूर राहायचंच असेल तर दोघांच्या संमतीने, ठरावीक काळ, आणि मग पुन्हा एकत्र यावं. विषय तिथे शरीरसंबंधाचा आहे, मला माहीत आहे. पण त्यातली अट बघा ना. प्रार्थनेसारख्या प्रार्थनेलाही बायकोची संमती लागते. तुम्हाला शुक्रवारबद्दल कुणी विचारलं होतं का?

---

रविवारची गाडी

विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. डबा भरायला.

पाळकाची लेक, तिसरं वचन आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे, खरंच. सातवं कधी ऐकलं नाही. आज रात्री काढते. जिंकण्याची घाई नाही, पण एकदा डोळे उघडे ठेवून बोलणं तरी होईल.

---

गावठणकर

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती, कोळे कल्याणचे. कॅथलिक. चाळीसच्या वर वर्षं झाली लग्नाला.

आमच्यात आणि तुमच्यात एक फरक आहे, तो इथे उपयोगी पडेल असं वाटतं. आमच्यात लग्न हा सात संस्कारांपैकी एक. पण बाकीचे संस्कार देणारा सहसा धर्मगुरू किंवा बिशप असतो, लग्नाचा संस्कार मात्र आमच्या लॅटिन रीतीत वधू-वरच एकमेकांना देतात. वेदीवर फादर असतो तो चर्चच्या वतीने साक्षीदार. लग्नाआधीच्या कोर्सला हे सांगितलं तेव्हा डोक्यात कुठे शिरायला, तेव्हा लक्ष बँडवाल्याच्या ॲडव्हान्सकडे. पण त्याचा अर्थ असा की माझ्या बायकोला देवाची कृपा पोचवायचं काम माझ्याकडे दिलेलं आहे आणि माझ्यापर्यंत पोचवायचं तिच्याकडे. तिला वगळून मी थेट वर लाइन टाकायला गेलो तर मधला संस्कार नुसता रजिस्टरमध्ये राहणार.

तुमच्या बायबलात तोबीतचं पुस्तक नाही, आमच्यात आहे. त्यात आठव्या अध्यायात तोबियास आणि सारा लग्नाच्या रात्री उठून एकत्र प्रार्थना करतात. मागणं काय, तर आमच्यावर दया कर आणि आम्हाला बरोबरच म्हातारं होऊ दे. पहिल्याच रात्री म्हातारपण मागणारं दुसरं जोडपं मी कुठे वाचलेलं नाही.

आता कामाचं सांगतो. मॅरेज एन्काउंटर म्हणून जोडप्यांच्या शिबिराचा एक प्रकार आहे. स्पेनमध्ये गाब्रिएल काल्वो नावाच्या फादरने सुरू केला, १९६२ साली बार्सिलोनात पहिला वीकेंड झाला. मुंबईतही होतात. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत. तिथे एक सवय लावतात. एक प्रश्न घ्यायचा, दोघांनी वेगवेगळ्या वहीत दहा मिनिटं लिहायचं, वह्या बदलायच्या, वाचायचं, मग दहा मिनिटं बोलायचं. घड्याळ लावून. उपदेश नाही, 'तू असं का केलंस' नाही, मला काय वाटलं तेवढंच. आमची ती पहिली वही माझ्या हिने जपून ठेवलीये. त्यात एका मे महिन्याचं पान आहे. दारात बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या, पाऊस लवकर आला, मी झोपलेला. तिने दहा मिनिटं फक्त मिरच्यांबद्दल लिहिलंय. वाचल्यावर कळलं की तिचा राग मिरच्यांचा नव्हताच, तिच्या आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा मी विसरलो होतो त्याचा होता. तोंडी ती हे मला जन्मात बोलली नसती.

प्रोटेस्टंट असलात तरी वहीला कुणी हरकत घेणार नाही.

---

दुसरी पाळी

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूचा. माझीही फेलोशिप आहे, वेगळी, ठाण्याला. मीही नोकरी संपल्यावर तिकडे गेलो. सगळे त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताहेत म्हणून लिहितो.

वर्कशॉपमधला माणूस सकाळी सातला गेटच्या आत असतो. त्याच्या हाताखाली चार पोरं असतात, त्याच्याशिवाय काम अडतं. एका ३१ तारखेला नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ देतात आणि १ तारखेपासून त्याला घरात विचारतात ते एवढंच, दूध आणलं का? बायकोचं घर तीस वर्षांत तिच्या पद्धतीने बसलेलं असतं. डबे कुठे, गॅसचा नंबर कधी लावायचा, भांडीवालीशी कोण बोलायचं. मी एकदा डाळीचे डबे लावले तर तासाभरात पुन्हा होते तसे झाले.

आणि फेलोशिपमध्ये कुणीतरी म्हणतं, भाऊ, तुम्ही प्रार्थना करा. मोठ्याने. साठ वर्षं चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो, कुणी मला कधी मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं. पाळक करायचे, आपण आमेन. तिथे माझा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. हे मी बायकोला कसं सांगणार? सांगितलं असतं तर ती हसली असती.

तेव्हा ते ओठ हलतात त्यावर चिडू नका. त्या माणसाला बोलायला तेवढी एकच जागा मिळाली आहे.

---

रविवारची गाडी

दुसरी पाळी, तुमचं पटलं आणि नाहीही पटलं.

पटलं ते असं की हॉलची चावी यांच्याकडे आहे. माइक, वायरी, पंखे सगळं हेच बघतात. इलेक्ट्रिकच्या डिपार्टमेंटला होते. भायखळ्याला पंखा बंद पडला तर कमिटीची मीटिंग होते. तिथे हे स्टुलावर चढतात.

न पटलेलं असं की घरात काम नाही हे तुम्ही कुठून काढलंत? बाथरूमचा दिवा गेले कित्येक दिवस लुकलुक करतोय. काम आहे. मान नाही, असं म्हणायचं असेल तर तसं म्हणा. आणि तो मान मला तरी कुठे होता? शाळेतून पाचला येऊन मी पोळ्या लाटत होते तेव्हा मला कुणी 'ताई, मोठ्याने प्रार्थना करा' म्हटलं नाही. मला कुठे हॉल सापडायचा?

---

चाफेकळी

+१. टाळ्या.

---

जुनी पानं

अवांतर होईल, पण देवाच्या कामाला लागलेल्या नवऱ्यांच्या बायका हा इतिहासातला मोठा विषय आहे आणि मराठीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

मराठी भाषेचं छापील व्याकरण इंग्रजीतून लिहिणारा विल्यम केरी. बंगालमधलं श्रीरामपूर (नगरचं नव्हे), १८०५. या केरीची बायको डॉरथी भारतात यायलाच तयार नव्हती. शेवटच्या क्षणी आली, १७९३ साली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचं मानसिक संतुलन ढळलं ते कायमचं. १८०७ मध्ये ती वारली. केरीचं भाषांतराचं काम चालू असताना ती त्याच घरात, शेजारच्या खोलीत त्या अवस्थेत असायची. केरीची थोरवी मला मान्य आहे. पण त्याची चरित्रं डॉरथीला दोन परिच्छेदांत उरकतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली. त्याचा नियम असा की लग्न झालं म्हणून उपदेशकाने एक प्रवचन कमी करू नये, एक दिवस प्रवास कमी करू नये. हा नियम त्याने स्वतः इतका पाळला की बायको शेवटी घर सोडून गेली. १७८१ मध्ये ती वारली आणि तिला पुरल्यानंतर त्याला बातमी कळली.

आणि आपले कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सगळ्यांना १८९५ माहीत असतं, टिळकांचा मुंबईतला बाप्तिस्मा, मग ताटातूट, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा. धाग्याशी जुळणारा भाग मात्र नंतरचा आहे. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उघडला. म्हणजे ख्रिस्ती होऊन, संसार पुन्हा जुळून, इतकी वर्षं एकत्र काढून पुन्हा संन्यास! आधी नवरा धर्म बदलून गेला, मग त्याच धर्मात राहून संन्यासी झाला. लक्ष्मीबाई दोन्ही वेळा पुरून उरल्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, त्यात नवऱ्यावर प्रेम आहे पण भक्तिभाव नाही. त्या त्याची यथेच्छ थट्टा करतात. मला वाटतं त्यांचं सहजीवन टिकलं त्यात बाप्तिस्म्याइतकाच त्या थट्टेचा वाटा आहे.

---

पाळकाची लेक

जुनी पानं, थट्टेबद्दल शंभर टक्के सहमत. पण लक्ष्मीबाईंना पुरून उरणाऱ्या म्हणून मोकळं होऊ नका. त्यांनी उपासही काढले आणि घर चालवताना पैशाची काळजीही एकटीने वाहिली. हसत सांगितलं म्हणून दुखलं नव्हतं असं होत नाही. बाईने सोसलेलं विनोदी केलं की वाचणाऱ्यांना फार सोयीचं पडतं.

उदाहरणच हवं तर प्रेषितांच्या कृत्यांतलं घ्या, अध्याय १८. अक्विला आणि प्रिस्किल्ला. राहुट्या शिवणारं जोडपं. नव्या करारात ही दोन नावं कधी सुटी येत नाहीत, दर वेळी जोडीनेच. पौल त्यांच्या घरी राहतो, त्यांच्याबरोबर शिवायला बसतो. अपुल्लो नावाच्या विद्वानाला ती दोघं घरी बोलावून शिकवतात. कोण जास्त आध्यात्मिक हे पौलाने कुठे लिहिलेलं नाही. दोघांच्या हातात दाभण होता एवढं नक्की.

---

एकटा जीव

वाचत होतो. माझी मिसेस जाऊन काही वर्षं झाली. गिरगावात राहतो.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, पुन्हा भेट होईल. नंतर घरी बायबल काढलं. मत्तय २२:३०. पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत, करून देत नाहीत, देवदूतांसारखे असतात. मी पाळकांना विचारलं, भेट होईल ती कोण म्हणून? ते चांगले गृहस्थ, उगीच काही बोलले नाहीत. लग्नाच्या शपथेतच 'मरण वेगळं करीपर्यंत' आहे, म्हणाले, त्यापुढचं प्रभूच्या हातात.

मला त्याचा राग आला नाही. उलट हिशोब स्पष्ट झाला. तिच्याशी नवरा म्हणून बोलायचं ते सगळं इथेच होतं. आमचं शेवटच्या वर्षातलं बोलणं बरंचसं गोळ्यांच्या वेळा आणि रिपोर्ट यांवरच झालं. प्रार्थना भरपूर केली, तिच्या शेजारी बसून केली, पण तिला काय खावंसं वाटतंय हे नर्सने विचारलं.

ताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या असं म्हणत नाही. तुम्हाला हवं तर द्या.

---

रविवारची गाडी

काका, दिलं नाही. वाचून दाखवलं.

मधे बरेच दिवस गेले म्हणून सगळं एकदम सांगते.

आधी पेत्र. सातवं वचन काढून समोर ठेवलं. हे वाचून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, हे बंधू कधी शिकवत नाहीत. मी म्हटलं, बंधूंना शिकवायला लावा. पुढच्या मंगळवारी यांनी खरंच तिथे विचारलं म्हणे. उत्तर मिळालं की त्याचा अर्थ आत्मिक आहे. हे घरी येऊन म्हणाले, तिसऱ्या वचनाचा अर्थ अक्षरशः आणि सातव्याचा आत्मिक, हे कसं काय? वर्कशॉपचा माणूस आहे. ड्रॉइंग एक आणि जॉब दुसरा असं चालत नाही त्यांना. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी आम्ही तासभर बोललो. बायबलवरच बोललो, पण डोळे उघडे ठेवून.

मग वही. गावठणकरभाऊ, तुमचे आभार मानू की तुम्हाला शिव्या देऊ कळत नाही. दोन शंभरपानी वह्या आणल्या. यांनी आपल्या वहीला पहिल्याच पानावर पट्टीने रेघा मारून कॉलम आखले. तारीख, वेळ, विषय, शेरा. पहिला प्रश्न मी ठेवला होता, घरात तुम्हाला कधी एकटं वाटतं? मी दहा मिनिटांत दोन पानं भरली. यांच्या वहीत 'विषय'खाली प्रश्न जसाच्या तसा उतरवलेला आणि शेऱ्यात दोन ओळी. 'दुपारी २ ते ५. तू झोपतेस. वर्कशॉपमध्ये त्या वेळी मशीन चालू असायचं.'

दुसरी पाळी, तुमची आठवण आली.

माझी दोन पानं वाचायला यांना दहा मिनिटं पुरली नाहीत. अर्ध्यात म्हणाले, घड्याळ थांबव. तो नियमात नाही म्हटलं. तरी थांबवलं.

एवढ्यात सगळं गोड झालं असं समजू नका. अंगठी डबीतच आहे. ती घालणार नाहीत, त्यांचा विवेक त्यांना सांगतो, मी जबरदस्ती करणार नाही. माझं मंगळसूत्र गळ्यात राहणार, त्यावर पुन्हा बोलणं नाही, हेही ठरलं. फ्रिजवर तिसऱ्याच्या खाली सातवं लागलंय, माझ्या अक्षरात. रात्रभर प्रार्थना महिन्यातून एका शुक्रवारी. मी पौलाचं नाव घेऊन संमती दिली, हे हसले. महिन्याचा पहिला रविवार दोघं भायखळ्याला, कारण तेव्हा प्रभुभोजन असतं आणि ते मला एकटीने घ्यायला नको वाटतं, हे मी वहीत लिहिलं होतं. बाकीचे रविवार ज्याचा तो.

मी भांडुपला एकदा जाऊन आले. साडेतीन तास. आवाज फार, मला झेपत नाही. पण यांनी उठून प्रार्थना केली ती ऐकली. वाक्यं साधी, अडखळत. मुलीच्या नावावर आले तेव्हा अडकले. मी हसले नाही, दुसरी पाळी, तुम्ही त्यावर पैज लावली असतीत तर हरला असता.

नाटकाचं मात्र अडलंय. 'जगिक' यावर गाडी रुतलीये. पुढच्या खेपेला वहीत तोच विषय ठेवणार.

---

गावठणकर

कॉलम आखले! बायकोला वाचून दाखवलं, ती हसून हसून बेजार. म्हणते, शेऱ्याचा कॉलम आपल्या वहीत का नव्हता?

एक सांगतो, प्रश्न फार मोठे ठेवू नका. नाटकाचा विषय ठेवलात तर वाद होईल. त्याऐवजी 'आपण पाहिलेलं कुठलं नाटक तुला आठवतं?' एवढाच ठेवा. बाकी आपोआप येतं.

---

दुसरी पाळी

हरलो असतो, कबूल. माझ्या बायकोला ठाण्याला यायचं का असं काल विचारलं. ती म्हणाली, आधी डाळीचे डबे लावू दे ते बघू. म्हणजे मी लावायचे. लावलेत. अजून तसेच आहेत.

---

नास्तिक नारळ

मी अजूनही नास्तिकच आहे, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एकच शंका. त्या रात्रभर प्रार्थनेत चहा कोण करतं?

---

रविवारची गाडी

हेच! पन्नास-साठ माणसांचा, आलं ठेचून, मोठ्या पातेल्यात. भांडुपला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी इतक्या वर्षांत एक कप नाही. त्या दिवशी वहीचा विषय बदलला आणि आता सकाळचा चहा यांच्याकडे आहे. शेऱ्यात लिहिलंय, 'मान्य. साखर तू घालायची.'